पान कापणाऱ्या मुंग्यांच्या वारुळातले सूक्ष्मजीव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोक्यावर हिरव्या पानाचा तुकडा धरून चाललेली मुंग्यांची रांग बहुतेकांनी व्हिडिओत पाहिलेली असते. प्रश्न येतात ते त्यानंतर, ती रांग जमिनीत शिरते तिथून पुढचे. तिथे एक बुरशी, तिच्यावर टपलेली दुसरी बुरशी, औषध बनवणारे जिवाणू, खत पुरवणारे जिवाणू आणि लाखो मुंग्या एकत्र नांदतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. एवढी पानं नेतात, ती खातात का?

नाही. पान कापताना निघणारा रस कामकरी मुंग्या पितात, पण पान त्यांच्या पोटात जात नाही. वारुळात नेल्यावर तुकडा आधी चाटून साफ होतो, मग अधिकाधिक लहान मुंग्या त्याचे आणखी बारीक तुकडे करत जातात आणि शेवटी त्याचा ओलसर लगदा होतो. त्यावर विष्ठेचा एक थेंब पडतो. मग एक चिमुकली मुंगी जुन्या बागेतून बुरशीचा पुंजका उपटते आणि नव्या लगद्यावर लावते. भाताची रोपं तरव्यातून उपटून खाचरात लावतात, अगदी तसं. बुरशी त्या लगद्यावर वाढते आणि अळ्यांचं पोषण जवळपास पूर्णपणे त्या बुरशीवर होतं.

२. आपल्याकडे या मुंग्या आहेत का? आमच्या आंब्यावर पानं जोडून घर करणाऱ्या लाल मुंग्या आहेत.

त्या वेगळ्या. आंब्यावरच्या लाल मुंग्या अळ्यांच्या रेशमाने पानं शिवतात, शेती करत नाहीत. गुलाबाच्या पानांना कडेने गोल, कात्रीने कापल्यासारखे काप दिसतात तेही मुंग्यांचे नसतात. ते काम पानं कापणाऱ्या एकट्या राहणाऱ्या मधमाशीचं.

पान कापणाऱ्या मुंग्या फक्त अमेरिका खंडांत सापडतात, अमेरिकेच्या दक्षिण भागापासून खाली अर्जेंटिनापर्यंत. ‘अट्टा’ आणि ‘ॲक्रोमिर्मेक्स’ ही त्यांची दोन मुख्य कुळं. ऑस्टिन किंवा ह्यूस्टनकडे राहणाऱ्या मराठी वाचकांनी अंगणातल्या मुंग्यांचे फोटो पाठवले तर त्या खरोखरच याच असू शकतात, कारण ‘अट्टा टेक्साना’ टेक्सासात राहते.

३. भारतात मागवून पाळता येतील का?

नको. परदेशी जिवंत कीटक आणण्यावर २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाचे निर्बंध आहेत आणि ते रास्त आहेत. हिरव्या पानांवर जगणारी, लाखोंनी वाढणारी मुंगी आपल्या बागायतीत सुटली तर काय होईल याची कल्पना करून पाहा.

४. ही बुरशी नेमकी कोणती? ती खाण्याच्या अळंबीसारखी असते का?

तिचं शास्त्रीय नाव ‘ल्युकोअगॅरिकस गाँगायलोफोरस’. ती भूछत्रांच्याच मोठ्या घराण्यातली आहे, पण वारुळात तिला छत्री क्वचितच फुटते. बाग दिसायला अंघोळीच्या स्पंजासारखी असते, करड्या-पांढऱ्या रंगाची आणि आत असंख्य पोकळ्या असलेली. वरच्या भागात ताज्या लगद्याचा काळपट हिरवा रंग, मधे पांढरी दाट वाढ, तळाला पिवळट तपकिरी झालेला जुना चोथा.

जवळून पाहिलं तर मधल्या भागात तंतूंची टोकं फुगून गोल झालेली दिसतात. भिंगाखाली ती साबुदाण्याच्या दाण्यांच्या घोसासारखी वाटतात. साखर आणि मेद यांनी भरलेले हे दाणे म्हणजे वारुळाचं धान्य. मुंग्या ते खुडून अळ्यांच्या तोंडात देतात.

बुरशीची ही शेती मुंग्या करतात हा अंदाज इंग्रज निसर्गअभ्यासक थॉमस बेल्ट यांनी निकाराग्वातल्या निरीक्षणांवरून १८७४ मध्ये मांडला. आल्फ्रेड मोलर या जर्मन संशोधकाने ब्राझीलमध्ये काम करून १८९३ मध्ये त्या फुगीर टोकांचं सविस्तर वर्णन केलं.

५. आपल्याकडची वाळवीही बुरशी पिकवते ना? मग फरक काय?

हो, आणि हा प्रश्न पावसाळ्यात हमखास येतो. कोकणात आणि गोव्यात पहिल्या पावसांनंतर वारुळांवर उगवणारी चविष्ट अळंबी वाळवीच्या शेतीतूनच वर आलेली असते. पण त्या बुरशीचं कुळ वेगळं (‘टर्मिटोमायसेस’), शेतीचा उगम वेगळा (आफ्रिकेत), आणि वाळवी मुंग्यांची नातेवाईकही नाही, ती झुरळांच्या जवळची आहे. वाळवीची बुरशी बाहेर येऊन छत्री धरते आणि बीजाणू पसरवते. मुंग्यांची बुरशी बहुतांशी आईकडून लेकीकडे जाते (प्रश्न ६).

मुंग्यांच्या शेतीचं मूळ २०२४ च्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासाने सुमारे ६.६ कोटी वर्षं मागे नेलं आहे, म्हणजे डायनोसॉर संपले त्या काळात. हिरवी पानं कापून आणण्याची पद्धत मात्र त्यानंतर पुष्कळ काळाने आली. आजही शेती करणाऱ्या सुमारे अडीचशे जातींपैकी बहुतेक मुंग्या पडलेली फुलं, बियांचे तुकडे, किड्यांची लेंडं असला पालापाचोळाच वापरतात.

६. नव्या वारुळात बुरशी येते कुठून?

राणी विरजण घेऊन निघते. लग्नाच्या उड्डाणाआधी ती आईच्या बागेतला बुरशीचा कण तोंडातल्या एका छोट्या पिशवीत ठेवते. उड्डाण संपलं की पंख गळतात, ती जमिनीत बीळ खणते आणि तो कण बाहेर काढून ठेवते. अट्टाची राणी यानंतर बाहेर पडत नाही. ती शरीरातल्या चरबीवर आणि आता निरुपयोगी झालेल्या पंखांच्या स्नायूंवर जगते, स्वतःच्या विष्ठेने बुरशीला खतपाणी करते आणि पहिल्या अळ्यांना आपलीच अंडी भरवते. विरजण मेलं तर वारूळ उभं राहत नाही. ॲक्रोमिर्मेक्सची राणी मात्र या काळातही बाहेर जाऊन बागेसाठी सामान आणते.

नर बुरशी नेत नाहीत. औषधी जिवाणूही (प्रश्न ९) नव्या राण्यांच्याच अंगावर जातात, नरांच्या नाही. दोन्ही वारसे मुलींकडे.

७. एका वारुळात दोन प्रकारची बुरशी पिकवता येते का?

या मुंग्यांच्या बागेत एकच वाण असतो. इथे बुरशीच आपली जागा राखते. मुंगीने खाल्लेल्या बुरशीतली काही रसायनं तिच्या विष्ठेतून बागेत परततात आणि परक्या वाणाला ती सोसत नाहीत. मायकल पॉल्सन आणि याकोबस बूम्स्मा यांनी २००५ मध्ये दाखवलं की मुंग्यांना काही दिवस दुसऱ्याच वाणावर ठेवलं तर त्यांची विष्ठा त्या नव्या वाणाला चालू लागते. म्हणजे परकेपणा मुंगीच्या रक्तात नसून तिच्या कालच्या जेवणात आहे. मला हा प्रयोग फार आवडतो.

८. ओल, ऊब आणि कुजणारी पानं. मग नको ती बुरशी का माजत नाही?

माजायला बघते, रोज. पानाबरोबर हजारो बीजाणू आणि पानाच्या आत राहणाऱ्या बुरश्याही येतात. त्यांना रोखणारं एकच एक शस्त्र नाही.

पहिली गोष्ट चाटण्याची. तुकडा बागेत लागण्याआधी त्याच्यावरून कितीतरी जिभा फिरलेल्या असतात. चाटून काढलेले बीजाणू तोंडातल्या पिशवीत गोळा होतात, तिथे दाबून त्यांची गोळी होते आणि ती बागेबाहेर टाकली जाते. दुसरी गोष्ट निंदणीची. रोग लागलेला भाग दिसला की मुंग्या तो जबड्यात धरून मागेपुढे हलवतात, मुळासकट सोडवतात आणि उचलून नेतात. एका तुकड्यासाठी दोन-तीन मुंग्या झटत असतात. तिसरी गोष्ट म्हणजे मुंगीच्या छातीच्या मागच्या बाजूला असलेल्या ग्रंथींचा आम्लयुक्त स्राव. औषधी जिवाणू यानंतर येतात.

सर्वांत हट्टी शत्रू ‘एस्कोव्होप्सिस’. ही बुरशी मुंग्यांच्या बागेवर जगते. ती तंतूंना विळखा घालते आणि आतलं सत्त्व शोषते. प्रयोगशाळेत बागेतून मुंग्या काढून घेतल्या तर काही दिवसांत ती बाग गिळून टाकते. मुंग्या परत ठेवल्या की बहुतेक वेळा आवर बसतो. यातून माझं ठाम मत झालं आहे की औषधाची कीर्ती खूप झाली तरी बाग जगते ती निंदणीवर. औषध त्या कष्टांना साथ देतं.

९. काही मुंग्यांच्या अंगावर पांढरी पूड दिसते. तो आजार आहे का?

नाही, ते जिवाणू आहेत. पूर्वी ते मुंगीच्या अंगातून पाझरलेलं मेण समजलं जायचं. कॅमेरन करी हे टोरांटो विद्यापीठात पीएचडी करत असताना पनामातल्या वारुळांवर काम करत होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की ही पूड म्हणजे तंतुमय जिवाणूंची वाढ आहे आणि ते एस्कोव्होप्सिसला रोखणारी द्रव्यं बनवतात. पहिल्यांदा त्यांची ओळख ‘स्ट्रेप्टोमायसेस’ अशी झाली होती, नंतर ती सुधारून ‘स्यूडोनोकार्डिया’ ठरली. हे ॲक्टिनोबॅक्टेरिया गटातले. पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो, तो याच गटातल्या जिवाणूंच्या एका द्रव्यामुळे.

ॲक्रोमिर्मेक्सची तरुण कामकरी भिंगाखाली पाहिली तर तांदळाच्या पिठात लोळून आल्यासारखी दिसते. सर्वांत दाट थर छातीच्या खालच्या बाजूला, मानेजवळ असतो. २००६ मध्ये कळलं की तिथे कवचाला बारीक खळगे आहेत आणि त्या खळग्यांना ग्रंथी जोडलेल्या आहेत. म्हणजे मुंगीने जिवाणूंना राहायला नुसती जागा दिलेली नाही, त्यांच्या पोटापाण्याचीही सोय केली आहे.

१०. हे जिवाणू मुंगीला जन्मतःच मिळतात का?

नाही. कोषावर ते नसतात. कोषातून बाहेर आल्यावर पहिल्या काही तासांतच थोरल्या बहिणींकडून त्यांची लागण व्हावी लागते; ती वेळ टळली तर थर नीट धरत नाही. दहा-पंधरा दिवसांत सगळं अंग पांढरं होतं. या वयात मुंगी बागेत राबते. पुढे ती बाहेरच्या कामाला लागते तसा थर विरळ होत मानेजवळच्या भागापुरता उरतो.

११. मग या औषधांचा माणसाला उपयोग होईल का?

वारुळातून आलेलं औषध अजून केमिस्टच्या दुकानात मिळत नाही, पण शोध मन लावून चालू आहे. ‘अप्टेरोस्टिग्मा’ या शेतकरी मुंगीच्या जिवाणूपासून २००९ मध्ये ‘डेंटिगेरुमायसिन’ हे तोवर अज्ञात असलेलं बुरशीनाशक वेगळं केलं गेलं. ब्राझीलमधल्या ‘सायफोमिर्मेक्स’ मुंगीवरच्या स्ट्रेप्टोमायसेसपासून २०१९ मध्ये ‘सायफोमायसिन’ मिळालं आणि औषधांना दाद न देणाऱ्या बुरशीवर ते उंदरांमध्ये परिणामकारक ठरलं.

जुनी ओळखीची द्रव्यंही सापडली. ॲक्रोमिर्मेक्सवरच्या स्यूडोनोकार्डियाकडे निस्टॅटिनसारखं द्रव्य मिळालं. तोंडातल्या बुरशीच्या संसर्गावर डॉक्टर निस्टॅटिन देतात. त्याच मुंगीवरच्या स्ट्रेप्टोमायसेसकडे ‘कँडिसिडिन’ मिळालं. इथे महाराष्ट्राचा एक धागा जुळतो. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी ‘स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना’ या जिवाणूपासून ‘हॅमायसिन’ हे बुरशीनाशक शोधलं. हॅमायसिन आणि कँडिसिडिन एकाच रासायनिक घराण्यातले, दोन्ही हेप्टाइन वर्गातले. पिंपरीचं नाव लावणारा जिवाणू आणि अमेरिकेतल्या मुंगीच्या पाठीवरचा जिवाणू, दोघांनी बुरशीवर जवळपास एकच तोडगा काढला. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

१२. आपण प्रतिजैविकं वापरली की काही वर्षांत जंतू दाद देईनासे होतात. मुंग्यांचं औषध कोट्यवधी वर्षं कसं टिकलं?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. त्याला एका वाक्यात उत्तर नाही.

आपण बाटलीत एकच शुद्ध द्रव्य भरतो आणि ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. मुंगीच्या अंगावर औषधाचा जिवंत कारखाना असतो. शत्रू बदलला तर जिवाणूही बदलू शकतो. शिवाय एका वेळी अनेक द्रव्यं असतात, कधी एकाहून अधिक जिवाणूंची (प्रश्न ११). आणि औषधातून वाचलेली बुरशी निंदणीत उपटली जाते (प्रश्न ८), त्यामुळे तिला पसरायला फारशी सवड मिळत नाही.

तरीही इथे कायमचा विजय कोणाचाच नाही. काही ठिकाणच्या एस्कोव्होप्सिसवर काही जिवाणूंचं औषध कमी चालतं. एस्कोव्होप्सिस उलट हल्लाही करते. २०१८ मध्ये दिसून आलं की ती अशी द्रव्यं बनवते ज्यांनी स्यूडोनोकार्डियाची वाढ रोखली जाते आणि मुंग्यांचं साफसफाईचं वागणं बिघडतं.

१३. पानांत प्रथिनं फारच कमी. एवढ्या मुंग्यांना नत्र पुरतं कसं?

मोठ्या अट्टाच्या वारुळात काही दशलक्ष कामकरी असू शकतात, म्हणून शंका रास्त आहे. तिचं उत्तर शेतकरी वाचकांना लगेच उमगेल. भुईमूग-हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र जमिनीत आणतात. तसंच काम बागेतले ‘क्लेबसिएला’ आणि ‘पॅन्टोआ’ हे जिवाणू करतात. ॲड्रियन पिंटो-तोमास आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवलं की हे नत्र बागेतच राहत नाही, मुंग्यांच्या शरीरातही पोचतं. क्लेबसिएला हे नाव काहींना न्यूमोनियाच्या संदर्भात ओळखीचं वाटेल; कुळ तेच आहे.

या शेतीवर मुंग्या किती विसंबल्या आहेत ते त्यांच्या जनुकांतही दिसतं. आर्जिनिन हे अमिनो आम्ल स्वतः बनवण्याची क्षमता त्या गमावून बसल्या आहेत. ते बुरशीतूनच मिळवावं लागतं.

१४. विष्ठेचा थेंब म्हणजे नुसतं खत का?

खताहून पुष्कळ जास्त. बुरशीच्या फुगीर टोकांत पान पचवणारी विकरं असतात. मुंगी ती खाते, पण तिच्या आतड्यात ती नष्ट होत नाहीत. थेंबावाटे ती ताज्या लगद्यावर पडतात, म्हणजे जिथे बुरशी अजून नीट पोचलेलीच नाही तिथे पचन आधी सुरू होतं. पानातल्या विषारी फिनॉलिक द्रव्यांचा जोर मोडणारं ‘लॅकेज’ हे विकरही याच वाटेने येतं. बुरशीने आपला पाचक रस मुंगीच्या पोटातून पुढे पाठवला, असं म्हणता येईल.

१५. बुरशीला एखादं पान सोसलं नाही तर मुंग्यांना कळतं का?

कळतं, थोडं उशिरा. १९९६ मध्ये संशोधकांनी संत्र्याच्या सालीला असं रसायन लावलं जे बुरशीला घातक होतं, पण मुंग्यांना जाणवत नव्हतं. मुंग्यांनी साल आनंदाने नेली. नंतर मात्र ती नेणं थांबलं आणि कित्येक आठवडे रसायन न लावलेली सालही त्यांनी नाकारली. आजारी बुरशीकडून काहीतरी रासायनिक खूण मिळत असावी असा अर्थ त्यातून काढला जातो.

१६. वापरून झालेला चोथा कुठे जातो?

उकिरड्यावर. बहुतेक अट्टा जमिनीखाली वेगळ्या खोल्या राखतात. ‘अट्टा कोलंबिका’ उकिरडा उघड्यावर ठेवते. तिथे एस्कोव्होप्सिससह रोगट सगळं जमतं, म्हणून ते काम म्हाताऱ्या मुंग्या करतात. उकिरड्याचा वास लागलेली मुंगी बागेकडे येऊ लागली तर इतर मुंग्या तिच्यावर हल्ला करतात. रोपांभोवती हा कचरा टाकला तर पान कापणाऱ्या मुंग्या काही काळ तिकडे फिरकत नाहीत, असं प्रयोगांत दिसलं आहे.

१७. अट्टाच्या अंगावर पांढरी पूड कधीच दिसत नाही. मग सगळ्यांना जिवाणू लागतात हे खोटं का?

‘सगळ्यांना’ हा शब्द चुकीचा आहे. अट्टाने हा जिवाणूंचा थर सोडला आहे आणि ती छातीवरच्या ग्रंथींच्या स्रावावर जास्त विसंबते. लहान कामकरी पायाने तो स्राव घेऊन बागेत लावतात. घर तेच, रोग तेच, उपाय वेगळा.

१८. काळ्या यीस्टबद्दल वाचलं. ते कोणाच्या बाजूचं?

मुंग्यांच्या नाही. हे यीस्ट मुंगीच्या अंगावर, स्यूडोनोकार्डिया राहतो तिथेच वाढतं आणि त्याला खातं. जिवाणू कमी झाले की एस्कोव्होप्सिसचं फावतं.

१९. मग स्यूडोनोकार्डिया मुंगीचा वैद्य आणि एस्कोव्होप्सिस खलनायक, हे नक्की मानायचं का?

सरळ गोष्ट म्हणून हे लक्षात ठेवायला सोपं आहे, पण दोन्ही बाजूंना गाठी आहेत. २००९ मध्ये टेक्सासच्या गटाने दाखवलं की या जिवाणूंची द्रव्यं फक्त एस्कोव्होप्सिसला मारत नाहीत. अनेक बुरश्यांवर, काही वेळा मुंग्यांच्या लाडक्या पिकावरही ती चालतात. त्यावरून प्रश्न आला की हे जिवाणू बाग राखतात की मुंगीचं अंग. ब्राझीलमधल्या ॲक्रोमिर्मेक्सवर केलेल्या प्रयोगात पांढऱ्या थराच्या तरुण मुंग्या ‘मेटारायझियम’ला जास्त तोंड देऊ शकल्या. हुमणीसाठी शेतात मेटारायझियम वापरणाऱ्यांना ते नाव माहीत आहे; कीटकांना मारणारी ती बुरशी. म्हणजे जिवाणू निदान काही मुंग्यांचं अंगही राखतात.

एस्कोव्होप्सिसबाबतही अलीकडच्या काही प्रयोगांत धडधाकट वारुळाला तिचा फारसा त्रास झाला नाही. मुंग्या कमी झाल्या, बाग दुबळी झाली की ती उसळते. प्रश्न ८ मधला मुंग्या काढून घेण्याचा प्रयोग या नजरेने पुन्हा वाचा: तिथे बाग गेली ती एस्कोव्होप्सिस आली म्हणून, की निंदणारे हात गेले म्हणून?